पट्टी

रविवारी पहाटे साडेपाचला मी
मंगळवार पेठेपासून शिरोली एमआयडीसीपर्यंतचे
सगळे स्पीडब्रेकर मोजले.
एकोणीस.
माथ्यावर सागाची रीप आडवी धरायची,
खाली पट्टी उभी करायची,
वहीत आकडा लिहून पुढं जायचं.
तालमीची पोरं पळत आली, थांबली.
"म्याडम, म्हापालिकेच्या काय तुमी?"
"न्हाई," म्हटलं, "माझी मीच."

गाडी जयसिंगपूरच्या एका पोराची.
पिवळी. हळदीची नव्हे,
पिकल्या लिंबाची, बघताना दात आंबवणारी.
त्याला जुळं झालं,
आणि सीटा दोनच.

किंमत घरात सांगितलेली नाही.
फक्त दस्तगीर मिस्त्रीला सांगितली.
तो इंजिनावर वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला.
मग कापडाला हात पुसत म्हणाला,
"ताई, हे जनावर रोज जुंपायचं नसतंय."
चहा निम्मा झाल्यावर म्हणाला,
"पण नुस्तं बांधून ठेवलं तरी मरतंय."

रोज म्हणजे काय ते मला माहीत आहे.
उद्यमनगरच्या बोळात वाळू उतरवणारा टेम्पो,
त्याच्यामागं मी, माझ्यामागं अख्खं कोल्हापूर.
नोव्हेंबरपासून उसाचे ट्रॅक्टर,
दोन-दोन ट्रॉल्या, ना दिवा ना लाल कापड,
आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर भोंगा.
ऑगस्टात पंचगंगा कुठवर आली
हे विचारूनच घरातून निघायचं.
आत्ताच्या व्हॅनचं मागचं दार सुतळीनं बांधलेलं आहे,
तिला काहीच वाटत नाही कशाचं.

भाऊ म्हणाला, पन्नाशीला आलीस.
म्हणाला, त्या पैशात सीएनसी राऊटर येईल,
लाकूड तासत बसायला नको.
खरं आहे. येईल.
त्याला चाकं नसतील.

दुसऱ्या सीटवर कोण बसणार, असंही विचारलं त्यानं,
जरा हळू आवाजात.
पंपाच्या केसिंगचा पॅटर्न बसतो.
मी बसवून बघितला.
पट्टा लावला त्याला, काच खाली केली.
शोभत होता.

चालवली एकदाच, कागलच्या बाजूला.
तिसऱ्या गिअरात पाठीवर कुणीतरी हात ठेवला.
ढकललं नाही. नुसता ठेवला.
तेवढ्यात पुढं म्हशी आल्या,
मी ब्रेक लावला, म्हशींनी बघितलं,
एक तर चांगली थांबूनच बघत राहिली.
शेजारी जयसिंगपूरचा पोरगा डोळे मिटून
काहीतरी पुटपुटत होता.

तर आकडे.
शाळेपुढचा ब्याण्णव मिलिमीटर.
कावळा नाका ओलांडल्यावर एकशे चार.
आणि एका मंडळानं रातोरात घातलेला,
ज्याची कुठल्याच दप्तरात नोंद नसणार,
तो एकशे साडेअठरा.
गाडीचं पोट जमिनीपासून एकशे एकोणीस.
अर्धा मिलिमीटर!
रस्त्याच्या मधोमध उभी राहून हसले मी,
दूधवाल्यानं वळून बघितलं.
दस्तगीर तर म्हणालाच होता,
"तिरकी घालायची ताई, एकेक चाक,
पाहुण्याच्या घरात शिरल्यागत."

घरी येऊन पट्टी पुसताना लक्षात आलं.
ही अण्णांची, ॲल्युमिनियमच्या कामाची.
ओतलेला धातू थंड होताना आकसतो,
म्हणून पॅटर्नवाल्याच्या पट्टीवरचा मिलिमीटर
जगाच्या मिलिमीटरपेक्षा कणभर लांब.
तिनं मोजलेलं सगळं
खऱ्याहून थोडं कमी भरतं.
एकशे साडेअठरा म्हणजे एकशे वीस.

तीस वर्षं झाली या धंद्यात.
दोन पट्ट्या शेजारी-शेजारी खिळ्याला टांगलेल्या असतात,
अंधारातसुद्धा हात चुकत नाही माझा.

साधी पट्टी अजून तिथंच आहे.
पुढच्या रविवारी नेईन म्हणते.
जयसिंगपूरच्या पोराचा फोन दोनदा येऊन गेला.
तिसऱ्यांदा वाजतोय,
आणि मी हात धुवायला उठलेली नाही.